आधी आबांचा अंगठा, मग लिफ्ट

पत्र थोडक्यात :

कोल्हापुरात शाहूपुरीत राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांचे सासरे ७३ वर्षांचे, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, पुढं घराखालचं दुकान चालवलं. १४ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू दुबळी झाली. चार पायांची काठी आणि कुणाचा तरी आधार घेऊन संडासापर्यंत चालतात, बाकी वेळ व्हीलचेअरवर. डाव्या हातात ताकद आहे, पण कुस्तीत दुखावलेला त्या हाताचा अंगठा नीट दाबला जात नाही. घर आरसीसीचं. खाली बंद असलेलं दुकान, वर कुटुंब. २०१९ आणि २०२१ च्या पुरात दुकानात पाणी आलं, म्हणून खाली कुणी झोपत नाही. दुकानाचं जोतं रस्त्यापासून चार पायऱ्या उंच आहे. दवाखान्यात न्यायचं तर ताईंचे पती आणि शेजारचा मुलगा आबांना खुर्चीसकट उचलून खाली आणायचे. दिवाळीच्या सुमारास एकदा जिन्यात तोल गेला, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून आबांनी खाली येणंच सोडलं. "मला मड्यागत उचलू नगासा," एवढंच बोलतात.

घरात लिफ्ट बसवायची यावर आता सगळ्यांचं एकमत आहे. पतींना अपार्टमेंटमध्ये असते तशी दोराची लिफ्ट हवी. पुण्याचे दीर निम्मा खर्च उचलणार आहेत, त्यांना काचेची गोल लिफ्ट आवडली आहे. सासूबाई म्हणतात, एवढा पैसा कशाला, जिन्यालाच ती सरकणारी खुर्ची बसवा. ताई विचारतात : "तिघांपैकी कुणाचं ऐकू? सगळ्यात चांगली लिफ्ट कोणती?"

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र वाचता वाचता मी कागदावर तुमच्या घराचा नकाशा काढत गेले. वरचा सोपा, जिना, खालचं दुकान, शटर, आणि मग त्या चार पायऱ्या. तिथं पेन्सिल थांबली. तिघांनीही आपापली लिफ्ट वरच्या मजल्यावरून दुकानात आणून सोडली आहे. पुढं काय? पायरी सात इंचांची धरली तर चार पायऱ्यांची उंची २८ इंच होते. व्हीलचेअर सुरक्षित चढ-उतरायची तर उताराचं प्रमाण एकास बारा लागतं, म्हणजे २८ इंचांना २८ फूट लांबीचा उतार. शाहूपुरीतल्या गल्लीत दारापुढं २८ फूट कुठून आणणार? त्याहून उभा उतार केला तर खाली येताना खुर्ची तुमच्या हातून सुटेल आणि वर चढवताना तुमची कंबर जाईल. मग शेवटी त्या चार पायऱ्यांवर आबांना उचलावंच लागेल. एवढे लाख खर्च करून उचलायची जागा तेवढी जिन्यातून पायऱ्यांवर आलेली असेल. आणि आबांची अट तर एकच आहे, मला उचलू नका.

म्हणून "चांगली लिफ्ट कोणती" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू या. आपल्याला आबांना पलंगापासून रस्त्यापर्यंत न्यायचं आहे. लिफ्ट हा त्या वाटेचा एक तुकडा झाला. सकाळी आबा उठल्यापासून रिक्षात बसेपर्यंतची वाट तुम्ही एकदा टेप घेऊन चाला. खोलीचं दार किती रुंद, कुठं उंबरा आहे, सोप्यात खुर्ची कुठं वळते. खुर्ची जागच्या जागी पूर्ण वळवायला पाच फूट बाय पाच फूट मोकळी जागा लागते. लिफ्टच्या दारासमोर ती नसेल तर आतली लिफ्ट कितीही ऐसपैस असली तरी उपयोग नाही.

तुमच्या घराला मला एक वाट दिसते. लिफ्ट दुकानाच्या दर्शनी कोपऱ्यात घ्या आणि तिचा खालचा थांबा जोत्यावर न ठेवता रस्त्याच्या पातळीला आणा. म्हणजे त्या कोपऱ्यात जोतं कापायचं, रस्त्याकडं दार काढायचं आणि वरच्या मजल्यावरचं दार त्याच्या विरुद्ध बाजूला, सोप्याकडं उघडायचं. एका बाजूनं शिरून समोरच्या बाजूनं बाहेर. आबांना खुर्ची उलटी काढावी लागणार नाही आणि तुम्हाला मागं बघत ओढावी लागणार नाही. हे होईल की नाही हे लिफ्टवाल्यानं सांगायचं काम नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, बीम कुठून गेलेत ते त्यांना पाहू द्या. स्लॅबला भोक कुठं पाडायचं आणि भोकाच्या कडा कशा बांधायच्या हे त्यांच्याच सहीनं ठरू दे. पाया आणि जोतं कापण्याचंही तसंच. लिफ्ट स्वतःच्या सांगाड्यावर उभी राहणारी असेल तर भिंतींवर भार कमी येतो, पण तळाशी सगळं वजन एका जागी येतं. तेही त्यांना विचारा.

आता तुमच्या प्रश्नातला "तिघांपैकी". पत्रात पतींचं मत आहे, दिरांचं आहे, सासूबाईंचं आहे. आबांचं नाही. त्यांचं एकच वाक्य तुम्ही लिहिलंय आणि त्याला तुम्ही हट्ट म्हटलंय. मला तो हट्ट वाटत नाही. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात समोरच्याला उचलून खाली टाकलं, त्याला भर गल्लीत दोघं जण उचलून नेतात आणि बघणाऱ्यांतले निम्मे त्याला पैलवान म्हणून ओळखतात. वर एकदा तोल गेला. भीती आणि लाज दोन्ही एकाच वेळी बसली असणार. लिफ्ट आली की भीती जाईल. लाज मात्र लिफ्टनं जाईलच असं समजू नका. झटक्यानंतर मन खचणं हा त्या आजाराचाच एक भाग असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. नऊ-दहा महिने घराबाहेर न पडलेल्या माणसाबद्दल डॉक्टरांशी हे उघड बोला. आणि आबांना लिफ्टबद्दल विचारण्याआधी हे विचारा : खाली गेलात तर पहिल्यांदा कुठं जाल? तालमीचा कट्टा म्हणतील, पहाटेचा रंकाळा म्हणतील, कदाचित "कुठंच नाही" म्हणतील. पहाटे रंकाळा असेल तर साडेपाचला गल्लीत माणसं नसतात, आणि पहिल्या काही खेपांना तेच बरं. "कुठंच नाही" म्हणाले तर लिफ्टची ऑर्डर महिनाभर थांबली म्हणून काही बिघडत नाही.

हे सांगताना मला आपल्या कोल्हापूरच्याच नसीमादीदी हुरजूक आठवतात. ऐन तारुण्यात चाकाच्या खुर्चीवर आलेल्या या बाईंनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. उचगावला संस्थेचं काम आहे. आधी फोन करून, वेळ घेऊन, आबांना नाही तर निदान तुमच्या पतींना तिथं जाऊन येऊ द्या. खुर्ची रोज स्वतः चालवणारी माणसं उंबरा कसा ओलांडतात, दार कसं उघडतात, बटण कुठल्या उंचीवर मागतात, हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये कळत नाही. आणि आबांना खुर्चीवरचा माणूस कामाला निघालेला दिसला तर तेवढ्यानंही फरक पडू शकतो.

आता खडू. हे मी प्रत्येकाला करायला सांगते. सोप्यातल्या फरशीवर खडूनं एक चौकोन काढा, ९० सेंटिमीटर रुंद आणि १४० सेंटिमीटर लांब. व्हीलचेअर आणि तिच्या मागं उभा राहणारा एक माणूस यांना आतून निदान एवढी जागा लागते. विरुद्ध बाजूंना दारं असली तर हे माप चालतं. दारं काटकोनात आली तर आत वळावं लागतं, मग ११० बाय १४० हवं. चौकोनाच्या दोन्ही अरुंद बाजूंना ८० सेंटिमीटरची दारं काढा. आता आबांना खुर्चीत बसवा, पाय पायपट्टीवर ठेवा, आणि रेघेला चाक न लावता आत जा. तुम्ही मागं उभ्या राहा. तुमच्या पाठीमागचं दार बंद होईल का? आबांचे बूट पुढच्या रेघेबाहेर जातात का? उजवा हात मांडीवरून घसरून बाहेर लोंबतो का? झटका आलेल्या माणसाचा दुबळा हात दारात सापडण्याची भीती खरी आहे, त्याला तो लागल्याचं कळतही नाही कधी कधी. हे सगळं खडूच्या रेघेवर कळलं तर फुकट कळतं.

मी हे कळायला जबर किंमत मोजली, म्हणून सांगते. माझी आई सात वर्षं व्हीलचेअरवर होती, चाकं स्वतः फिरवायची. आमच्याकडं लिफ्ट बसली तेव्हा ड्रॉइंगवर दार ८० सेंटिमीटरचं होतं. आम्ही खुर्ची मोजली, ६५. पंधरा सेंटिमीटर शिल्लक म्हणून खूश झालो. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, बिजागरीचं. बसवल्यावर ते काटकोनापर्यंतच उघडायचं, म्हणजे दाराची जाडी आणि आतलं हँडल दोन्ही वाटेत उभे. प्रत्यक्ष मोकळी वाट ७२ सेंटिमीटर निघाली. खुर्ची जात होती, पण चाकावरचे आईचे हात जात नव्हते. पहिल्याच आठवड्यात तिच्या डाव्या हाताची तीन बोटं सालटली. बसवणाऱ्यांचं म्हणणं, माप चौकटीचं लिहिलंय. ते खरंच होतं. शेवटी सरकतं दार लावून घेतलं, त्याचे पैसे वेगळे आणि पाच आठवडे आई वरच. तेव्हा कोटेशनवर "दार पूर्ण उघडल्यावर मोकळी वाट इतके सेंटिमीटर" असं वाक्य लिहून सही घ्या. शक्यतो आपोआप सरकणारं दारच घ्या. ओढायचं दार खुर्चीत बसून एका हातानं उघडता येत नाही. आणि जाळीचं घडीचं दार नकोच, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नको.

आता आबांचा अंगठा. घरातल्या अपंगासाठी ज्या प्लॅटफॉर्म लिफ्ट मिळतात त्यांना बहुधा पूर्ण बंद केबिन नसतं, तीन बाजूंना शाफ्टची, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली जाते तिची, भिंतच असते. म्हणून त्यांचा वेगही मुद्दाम कमी असतो. युरोपीय मानकात तो सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या वर नसतो. आणि बटण एकदा दाबून सोडून चालत नाही. वर पोचेपर्यंत दाबून धरावं लागतं, सोडलं की लिफ्ट जागीच थांबते. यामागचा हेतू चांगला आहे, काही अडकलं तर हात काढताच सगळं थांबतं. पण तुमचा वरचा मजला दुकानापासून ११ फूट आणि त्यात २८ इंच मिळवले की चढण साधारण चार मीटरची होते. चार मीटरला २७ सेकंद. घड्याळ लावा आणि आबांना टेबलाची कड डाव्या अंगठ्यानं २७ सेकंद दाबून धरायला सांगा. जमलं नाही तर तळहातानं, मुठीनं, कोपरानं. पंजानं दाबायचं मोठं बटण काही कंपन्या देतात, विचारलं तरच देतात.

बटण कुठल्या भिंतीवर, हेही बघा. आबांचा डावा हात चालतो. वर जाताना त्यांचं तोंड घराकडं, खाली येताना रस्त्याकडं. म्हणजे चढताना डावा हात ज्या भिंतीला लागतो, उतरताना तो समोरच्या भिंतीला लागणार. बटणं दोन्ही भिंतींवर हवीत. यंत्राच्या बाजूलाच बटणं देणारे "दुसरीकडं होत नाही" म्हणतील, तर मग दुसरं पॅनेल किंवा रिमोट मागा. उंची जमिनीपासून ९० ते ११० सेंटिमीटर, आणि कोपऱ्यात खुपसलेलं नको, फूट-सव्वा फूट आत हवं, नाहीतर पायपट्टी भिंतीला लागते आणि हात बटणापर्यंत पोचत नाही.

यानंतर घरातल्या तिघांकडं वळू.

सासूबाईंची जिन्यावरची खुर्ची सगळ्यात स्वस्त आणि स्लॅबला हात न लावणारी. गुडघेदुखीच्या माणसाला उत्तम, त्यांचे स्वतःचे गुडघे बोलत असतील तर तेही विचारून घ्या. आबांना मात्र वर व्हीलचेअरमधून त्या खुर्चीत, खाली त्या खुर्चीतून दुसऱ्या व्हीलचेअरमध्ये बसवावं लागेल, दोन्ही वेळा जिन्याच्या तोंडाशी. आणि चार पायऱ्या उरतातच. फिजिओथेरपिस्ट म्हणाले की आबांची चाल सुधारतेय, सहा महिन्यांत ते आधारानं जिना उतरतील, तर हा पर्याय पुन्हा टेबलावर घ्या. त्यांना हे विचाराच. जिना शिकवण्याची रीत असते, चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुबळा. दोन्ही बाजूंना कठडा असेल तर पुष्कळ माणसं तेवढं करतात.

दिरांची काचेची लिफ्ट देखणी असते, खरं आहे. केबिनच्या वरची हवा पंपानं खेचली जाते आणि केबिन वर उचललं जातं. खड्डा लागत नाही, वीज गेली तर हवा आत येत हळूहळू खाली उतरते. पण तिचे नेहमीचे नमुने एका-दोघांनी उभं राहून जायचे. व्हीलचेअर जाईल असा मोठा नमुना आहे, त्याचा बाहेरचा व्यास १३० सेंटिमीटरच्या आसपास. आबांची खुर्ची ६५ बाय ११० धरली तर तिचा कर्णच १२८ भरतो, आणि आतला व्यास बाहेरच्यापेक्षा कमी असतो. लहान खुर्ची बसली तरी तुम्ही कुठं उभ्या राहाल? खडूनं गोल काढून दिरांना व्हिडिओ कॉलवर दाखवा, शब्दांपेक्षा ते लवकर पटेल. शिवाय वर जाताना आवाज मोठा असतो. त्यांनी निम्मे पैसे देऊ केलेत, त्यांचं मन मोडू नका. शाफ्टच्या रस्त्याकडच्या बाजूला काच घेता येते, ती बाजू त्यांच्या आवडीची करा.

पतींची दोराची लिफ्ट विजेला काटकसरी, वेगवान, आणि मेकॅनिक सगळीकडं मिळतो. पण तिला बहुधा मीटरभराहून खोल खड्डा लागतो आणि वर डोक्यावरही जागा. तुमच्या भागात मी हा खड्डा खणू देणार नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं तुंबतं आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी भरायला लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. पूर नसतानाही श्रावणात जमिनीतून ओल वर येते. मीटरभर खड्डा म्हणजे घरात विहीर, आणि तिच्यात लिफ्टचे स्विच.

उरतात दोन. हायड्रॉलिक लिफ्टमध्ये पंप तेल ढकलतो, दट्ट्या केबिन उचलतो, आणि उतरताना व्हॉल्व्ह उघडून केबिन स्वतःच्या वजनानं खाली येतं. खड्डा सहा इंच ते फूटभर. बंद केबिन आणि आपोआप दारं घेतली तर एकदा बटण दाबून सोडता येतं, अशी सोय मिळते. स्क्रूच्या लिफ्टमध्ये उंच उभा स्क्रू असतो आणि त्याच्यावर फिरणारी नट प्लॅटफॉर्म वर-खाली नेते. खड्डा जेमतेम दोन-अडीच इंचांचा. वीज गेली तर जिथं आहे तिथंच राहते, मग बॅटरीवर खाली आणता येते. पण ती बहुतेक दाबून धरायच्या बटणाची.

पुराच्या घराला मी स्क्रूची लिफ्ट आधी बघेन. कारण सांगते. वीज गेल्यावर लिफ्टनं बॅटरीवर आपोआप खाली यावं ही सोय एरवी जीव वाचवणारी आहे. पण खाली गुडघाभर पाणी असेल तर? आणि हायड्रॉलिकचं केबिन वर ठेवून दिवसेंदिवस वीज बंद राहिली तर तेल झिरपून ते सावकाश खाली सरकू शकतं. २०१९ ला तुमच्याकडं किती दिवस वीज नव्हती ते आठवा. स्क्रूची लिफ्ट वर ठेवली की वरच राहते. मात्र आबांना २७ सेकंद बटण धरता आलंच नाही आणि ते एकटे जा-ये करणार असतील, तर हायड्रॉलिक घ्या आणि वरच्या मजल्यावर केबिनला यांत्रिक अडसर बसवून मागा. म्हणून म्हटलं, आधी अंगठा. तुम्ही कायम सोबत असणार असाल तर बटण तुम्हीही धराल. पण आबांना एकट्यानं जाता यावं असं मला वाटतं. तुम्हालाही दुपारी तासभर पाठ टेकायला मिळावी, ती पाठ पत्रात कुठं आली नाही, पण खुर्ची तिरकी करून रोज उंबरा तीच ओलांडते.

कुठलीही घेतली तरी पुरासाठी हे आजच ठरवा. कंट्रोल पॅनेल, आणि हायड्रॉलिक असेल तर पंपाचा संच, वरच्या मजल्यावर बसवून घ्या. खालच्या थांब्याचं कुलूप, बटण, स्विच पाण्यात जाणारच, कारण आपण दार रस्त्याच्या पातळीला आणतोय. तो तोटा मी धरलेला आहे. त्या वस्तूंची वायर वेगळ्या स्विचवर असू दे आणि बदलायचा खर्च कोटेशनमध्ये आत्ताच लिहून घ्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आकडे आपल्याला पाठ आहेत. तुमच्या घराचा आकडा ३९ ठेवा. ३९ ला आबांना लिफ्टनं खाली आणून उंचावरच्या नातेवाइकांकडं हलवायचं. मग लिफ्ट रिकामी वर न्यायची, मेन स्विच बंद. पाणी गल्लीत आल्यावर लिफ्ट वापरायचीच नाही. ओसरल्यावर गाळ धुऊन, तळ वाळवून, मेकॅनिकनं तपासल्याशिवाय चालू करायची नाही.

मेकॅनिक कुठून येणार हा प्रश्न मला किमतीइतकाच मोठा वाटतो. दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. ज्यांचा माणूस पुण्याहून येतो त्यांची लिफ्ट स्वस्त असली तरी मी दोनदा विचार करेन. कोल्हापुरात किंवा इचलकरंजीत त्यांच्या बसवलेल्या दोन लिफ्टचे पत्ते मागा, त्यांतली एक तरी तीन वर्षं जुनी असू दे. आबांना नेता आलं तर नेऊन बसवा, नाहीतर तुम्ही खुर्ची घेऊन जा. लिफ्ट थांबल्यावर तिची आणि मजल्याची फरशी एका रेषेत आहे का बघा, पुढची लहान चाकं उंबऱ्याच्या फटीत आडवी पडतात का बघा. त्या घरच्या बाईंना स्वयंपाकघरात गाठून विचारा, बंद पडली तेव्हा किती तासांत आले. वार्षिक देखभालीचा करार पहिल्या वर्षानंतर किती, त्यात सुटे भाग धरलेत का, हे कागदावर.

वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या थांब्याला नेऊन दार उघडणारी बॅटरी असायलाच हवी, तिची परीक्षा दर महिन्याला मेन स्विच पाडून तुम्हीच घ्या. आत धोक्याची घंटा आणि बोलायची सोय हवी, घंटा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीतही ऐकू गेली पाहिजे. बाहेरून दार उघडायची किल्ली कशी लावतात हे शेजारच्या त्या मुलालाही शिकवून ठेवा. महावितरणचा मंजूर भार पुरतो का, हे वायरमनला विचारा.

परवानगीचं एक. महाराष्ट्राचा लिफ्टबद्दलचा कायदा २०१७ चा आहे आणि हा विषय विद्युत निरीक्षकांकडं येतो. "घरगुती लिफ्टला काही लागत नाही" असं कुणी विक्रेता म्हणाला तर त्याच्यावर विसंबू नका, स्वतः निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन काय लागतं ते विचारून या. रस्त्याकडं दार काढायचंय, जोतं कापायचंय, म्हणून महापालिकेकडंही विचारा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर तेही या धावपळीत उरकून घ्या.

या रविवारी खडू आणा. दीर येणार असतील तर त्यांच्यासमोरच करा. आधी आबांना खुर्चीत बसवा, मग चौकोन काढा, आणि त्यांच्या डाव्या हाताला खडू देऊन विचारा, बटण कुठं हवं. त्यांनी भिंतीवर जिथं खूण केली तिथलं माप, २७ सेकंदांचं काय झालं ते, आणि आलेली कोटेशन मला पाठवा. दाराच्या मोकळ्या वाटेचा आकडा मी सगळ्यात आधी बघेन.